मागच्या सीटवर आई

४ जानेवारी

दादा,

मायना काय लिहावा यातच दोन कागद फाटले. तीन वर्षं बोलणं नसलेल्या भावाला 'सप्रेम' म्हणावं तर खोटं, आणि नुसतं 'दादा' म्हणावं तर उद्धट. शेवटी उद्धटपणा पत्करला. पत्ता मी कुणाकडे मागितला नाही. वहिनींनी आईला शाल पाठवली, तिच्या पार्सलवर होता. शाल पोचली म्हणून त्यांना सांग. आई ती दिवसभर अंगावरून काढत नाही.

काम गाडीचं आहे, तेव्हा तेवढंच लिहिते.

बाबांची गाडी मी अजून चालवते. लॅबमध्ये रोज सकाळी सहा ते अकरा मी घरोघरी फिरून रक्ताचे नमुने गोळा करते. अठरा-वीस घरं होतात, चार दिशांना चार. गाडीशिवाय ते जमायचं नाही, आणि गाडी गेली तर नोकरीही गेली.

दोन महिने झाले, गाडी काळा धूर ओकायला लागलीये. चौकात थांबले की मागचा स्कूटरवाला नाक दाबतो. टाकी आठवडाभर पुरायची, ती आता चौथ्या दिवशी तळाला जाते. उभी असताना इंजिन असं धडपडतं की हातातला चहा सांडावा. सकाळी थंड असताना पहिल्या झटक्यात सुरू होते, पण गरम झाल्यावर बंद केली तर अर्धा तास काही केल्या दाद देत नाही.

गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रीला दाखवली. त्याला सगळे 'उद्याबघू' म्हणतात, कारण काहीही घेऊन गेलं की तो तेच म्हणतो. पाच उद्यांनंतर त्यानं प्लग बदलले, कुठला तरी स्क्रू पिळला आणि म्हणाला, "ताई, गाडी म्हातारी झाली. म्हातारपणाचं काही सापडत नसतं, ते नुसतं वाढत जातं." त्याच्या डोक्यात आता सगळी नवी इंजिनं आहेत. ही असली गाडी माहीत असलेला माणूस म्हणून मला तूच आठवलास. तू म्हणे आता बोटींची इंजिनं बघतोस. ही विसरला नसशील.

आई बरी आहे. वयाप्रमाणे.

सोबत एक छापील अर्ज आहे. जिथे पेन्सिलीनं फुली केलीये तिथे सही करून पाठव. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

— धाकटी


१४ जानेवारी

दादा,

उत्तर मिळालं. मायना नाही, खुशाली नाही, खाली नाव नाही. नऊ प्रश्न, आकडे घातलेले. बाबा परीक्षेचा पेपर काढायचे तसा. अर्ज कोरा परत आला, त्यावरही एक शब्द नाही. तरी मी पाकीट फाटकातच फोडलं, घरात जाईपर्यंत धीर निघाला नाही.

प्लग मी स्वतः काढले. बाबांचे पाने कोठीत होते. चारही प्लगांच्या टोकांवर काजळी, कोरडी, कंदिलाच्या काचेवर धरते तशी. बोटानं पुसली की निघते. म्हणजे तेल नाही, हो ना? तेल असतं तर चिकट असती, असं तूच लिहिलंयस.

हवेची जाळी काढून पाच मिनिटं इंजिन चालवलं. फरक नाही. चोकचा दट्ट्या आत ढकलल्यावर आतली झडप सरळ उभी राहते. दोनदा बघितलं, बॅटरी लावून. म्हणजे चोक अडकलेला नाही.

सातवा प्रश्न. इंजिन बंद केल्याबरोबर वरून कार्बोरेटरमध्ये डोकावले. पितळी नळीच्या तोंडाशी पेट्रोलचा थेंब जमतो, पडतो, पुन्हा जमतो. मी पंचवीसपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं. इंजिन बंद असताना हे व्हायला नको ना? तू प्रश्नात फक्त 'ठिबकतं का' एवढंच विचारलंयस, ठिबकलं तर काय ते लिहिलं नाहीस. त्यामुळे जास्तच धास्ती वाटते. उद्याबघूला सांगितलं तर तो म्हणाला, "ठिबकणारच, पेट्रोल आहे ते."

नववा प्रश्न तू असा विचारलायस की जणू मी खोटंच बोलतेय. 'गरम गाडी सुरू होत नाही, तर वीस घरं कशी करतेस?' सोपं आहे. बंदच करत नाही. सहाला सुरू करते ती अकराला बंद करते. मी वर जाऊन रक्त घेऊन येईपर्यंत ती खाली चालूच असते. तेवढ्यात कुणी पळवायचा प्रश्न नाही, आई असते आत.

हो, आईला बरोबर नेते. आता लिहायलाच हवं. ती बरी आहे असं मी लिहिलं ते खरं नव्हतं. तिला एकटीला घरी ठेवता येत नाही. नोव्हेंबरात दूध उतू जाऊन शेगडी विझली, ती शेजारी खुर्चीत बसून होती. तेव्हापासून मागच्या सीटवर डाव्या बाजूला तिची जागा. शाल, उशी, पाण्याची बाटली. थंडी बाधते म्हणून मागच्या काचा बंद आणि हीटर लावलेला. मी पुढे माझी काच चार बोटं उघडी ठेवते, सारखं उतरायचं असतं म्हणून.

पहिली आठ-दहा घरं ती चांगली असते. मग डोकं दुखतं म्हणते. मग उलटी. घरी येईतो जीभ जड झालेली, मला कधी मावशी म्हणते, कधी बाई म्हणते. एकदा तर म्हणाली, "तुमची मुलगी मला रोज कुठे घेऊन जाते?" दुपारभर झोपते. संध्याकाळी जरा सावरते, की दुसरा दिवस उजाडतो. डॉक्टर म्हणतात स्मरणशक्तीचा आजार आहे, हा असाच वाढणार. गोळ्या दिल्यात.

आणि रविवारी, मला सुट्टी असते तेव्हा, ही बाई चक्क शहाणी. पेपर वाचते, 'ये, केसांना तेल लावते' म्हणून माझ्या मागे लागते. मला कधी कधी वाटतं ती सोंग करते. हे मी फक्त तुला लिहितेय. लिहून झाल्यावर लाज वाटली, पण खोडत नाही.

कार्बोरेटर खोलू का? की राहू देऊ? लवकर लिही.

— धाकटी


२० जानेवारी, संध्याकाळ

दादा,

तार मिळाली.

आम्ही अकरा वाजता परतलो तेव्हा तारवाला फाटकाशी उभा होता. तार म्हटल्यावर वाटलं, तूच गेलास. सही करून तिथेच फोडली.

'आईला गाडीत बसवू नको. इंजिन चालू ठेवून थांबू नको. पत्र मागून.'

तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचता वाचता मी मागे वळून बघितलं. आईचं डोकं बंद काचेला टेकलेलं होतं, तोंड अर्धवट उघडं. इंजिन अजून चालू होतं, दादा. मी किल्ली फिरवलीच नव्हती.

लॅबमध्ये पहिल्या वर्षी शिकवतात ते. अर्धवट जळलेल्या पेट्रोलच्या धुरात एक वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरला की प्राणवायूची जागा अडवून बसतो. डोकं दुखतं, उलटी होते, माणूस बरळतो. मला हे पाठ आहे. यावर मला मार्क मिळालेत. अख्ख्या गावाचं रक्त मी रोज काढते आणि माझ्या आईचं एकदाही काढलं नाही, कारण तिचा आजार डॉक्टरांनी आधीच सांगून टाकला होता.

तिला ओढून बाहेर काढलं, कट्ट्यावर बसवलं. सुया-नळ्यांची पिशवी हातातच होती. म्हटलं, "आई, मूठ वळ." तिनं निमूट वळली. म्हणाली, "कोण आजारी आहे?" मी दंडाला पट्टा बांधला. शीर पहिल्याच टोचणीत मिळाली. मग दुसऱ्या हातानं माझंही काढलं, कसं ते विचारू नकोस, दंडावर अजून काळंनिळं आहे.

शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीतून आम्हाला इस्पितळात सोडलं. आईला आत घेतलं. लॅब समोरच्याच इमारतीत. डॉक्टरांना कागद दिसल्याशिवाय ते माझं ऐकणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून मी पळत वर गेले. ही चाचणी अगदी साधी आहे. रक्ताचे थोडे थेंब पाण्यात घालायचे, वर कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण. चांगलं रक्त लगेच काळपट तपकिरी होतं. माझं झालं. आईची नळी गुलाबीच राहिली. मी घड्याळ लावून उभी होते. एक मिनिट, दोन मिनिटं. मनात म्हणत होते, हो बाई, तपकिरी हो. आमचे साहेब मागे येऊन उभे राहिले, दोन्ही नळ्या उजेडात धरल्या आणि एवढंच विचारलं, "ही कुणाची?"

मी म्हटलं, "घरची."

त्यांनी स्वतः इस्पितळात फोन केला. मी खाली उतरेपर्यंत आईच्या तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लागलेला होता. चार तास मी स्टुलावर बसून होते. चारच्या सुमाराला तिनं मुखवटा जरा बाजूला केला आणि म्हणाली, "आज मंगळवार ना? तू जेवली नसशील."

कितीतरी आठवड्यांत कामाच्या दिवशी तिनं पहिल्यांदा वार बरोबर सांगितला. मी जेवले असं खोटं सांगितलं. तिला ते लगेच कळलं.

आईला तिथेच ठेवून घेतलंय. डॉक्टर म्हणतात दोन-तीन दिवस बघू. आधीच्या त्या निदानाबद्दल कुणी अजून बोलत नाही. मी विचारत नाही, भीती वाटते.

तुझं पत्र यायचंय, पण तोवर मला राहवत नाही म्हणून हे लिहिलं.

— धाकटी


२९ जानेवारी

दादा,

तुझं लांबलचक पत्र आलं. पाठपोट चार पानं, आणि आकृत्या. या खेपेला वर 'प्रिय' लिहून खोडलेलं दिसलं. खोडलं तरी वाचता येतं.

उद्याबघूला मी आईचं सांगितलं. तो काही वेळ हात पुसत राहिला आणि म्हणाला, "चला." आयुष्यात पहिल्यांदा तो आजच्या आज आला. तुझं पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. मधेच म्हणाला, "हा माणूस बरोबर बोलतोय. मी ते झाकण उघडायलाच पाहिजे होतं." एवढं कबूल करणारा मिस्त्री मी तरी दुसरा पाहिला नाही.

तू म्हणालास तसं कार्बोरेटरच्या शेजारची कुपी उघडली, ज्यात पेट्रोल साठतं. पेट्रोलची वाट अडवणारी आतली सुई झिजलेली नव्हती. मग तो पितळी तरंग काढला, पाण्याच्या टाकीतल्या चेंडूसारखा असतो तो. कानाशी धरून हलवला. आत खळखळ. तो पोकळ आणि हलका असायला हवा, आणि त्यात अर्ध्याहून जास्त पेट्रोल शिरलेलं. त्यामुळे तो वर तरंगायचाच नाही, सुई बंद व्हायची नाही, आणि कुपी भरून वाहत राहायची. इंजिन दोन महिने पेट्रोलात बुडत होतं. प्लगची काजळी, काळा धूर, गरम असताना न सुरू होणं, सगळ्याचं कारण तेवढं एक टाचणीएवढं भोक.

भोक दिसेना. तू लिहिल्याप्रमाणे तरंग गरम पाण्यात बुडवला, तेव्हा जोडाच्या शिवणीतून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. त्यानं तिथे खूण केली. पेट्रोल पुरतं उडून जाईपर्यंत दोन दिवस तो माझ्या खिडकीत वाळत होता. मी येता-जाता हलवून बघायची. मग त्यानं कथलाचा डाग दिला, अगदी थोडा, वजन वाढू नये म्हणून कानशीनं घासून घेतला, आणि वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवला. सकाळी कोरडा.

पण तुझा दुसरा मुद्दा जास्त भयंकर निघाला. 'धूर मागून जायला हवा, आत येतोय कुठून ते शोध.' गाडी वर चढवली. धुराचा पाइप मागच्या सीटच्या बरोबर खाली जोडापाशी तडकलेला. आणि त्याच्या वर, जमिनीच्या पत्र्यात पाणी निघून जायला जे भोक असतं, त्याचं रबरी बूच गायब. वर फक्त पायपुसणं. डाव्या बाजूला. आईचे पाय असतात तिथे. उद्याबघू गाडीखालून बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तुम्ही पुढे बसत होता, काच उघडी होती, सारख्या उतरत होता."

हे मला कुणी सांगायला नको होतं.

पाइप नवा टाकला. बूच बसवलं. स्क्रू पुन्हा जागेवर आणला. चार दिवस मी एकटी गाडी चालवली, सगळ्या काचा उघड्या टाकून, थंडीनं बोटं बधिर होईपर्यंत. प्लग काढून बघितले, विटकरी रंगाचे, जसे तू लिहिलेस तसे. धूर नाही. गरम असताना बंद केली आणि लगेच सुरू केली, झाली. वीस घरांत वीस वेळा बंद केली, वीस वेळा सुरू झाली. एकविसाव्यांदा उगाचच केली, घराच्या फाटकात.

आता त्या अर्जाचं. तू वाचला असशीलच. तो वृद्धाश्रमाचा होता. एक फेब्रुवारीपासून जागा मिळत होती आणि दोन्ही मुलांच्या सह्या लागत होत्या. मी तुला गाडीसाठी लिहिलं हे अर्धंच खरं. सहीसाठी लिहिलं आणि गाडी पुढे केली, कारण गाडीबद्दल तू उत्तर देशील याची मला खात्री होती.

तीन वर्षांपूर्वी तू आईला न्यायला आलास तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तू इंजिनं सांभाळ, माणसं मी सांभाळते." तू पिशवी उचललीस आणि गेलास. ते वाक्य मी तेव्हापासून मनात घोळवून घोळवून योग्य ठरवत आले. आता ते कुठल्याच बाजूनं धरवत नाही. तुझ्याकडे ती असती तर पहिल्या दिवशीच तुझं लक्ष त्या धुराकडे गेलं असतं.

माफ कर असं लिहिलं की पत्र संपल्यासारखं होतं, म्हणून लिहीत नव्हते. पण माफ कर.

— धाकटी


१७ फेब्रुवारी

दादा,

आई घरी आहे. तुला सगळं खरं सांगायचं ठरवलंय, तेव्हा आधी वाईट. ती पूर्वीसारखी झालेली नाही. कधी शब्द सापडत नाही, मग ती हातानं दाखवते. काल चष्मा डोळ्यांवर असताना तासभर शोधत होती. डॉक्टर म्हणतात काही भरून येईल, काही नाही, सहा महिन्यांत कळेल. आणि थोडा विसराळूपणा वयाचा होताच. पण मावशी, बाई हे बंद झालंय. ती मला नावानं हाक मारते. आधीच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या.

रविवारी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. गाडीचं, धुराचं, आश्रमाचंही. वाटलं होतं ती रडेल. तिनं शाल नीट केली आणि म्हणाली, "मला वास यायचा."

"कसला?"

"गाडीत. जळकट. पेट्रोलसारखा. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस गं?"

तिनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. मला वाटलं शब्द सापडत नसेल. पण ती शब्द नीट निवडत होती.

"पावसाळ्यात मी तुला म्हटलं, स्वयंपाकघरात गॅसचा वास येतोय. तू उठलीसुद्धा नाहीस. म्हणालीस, आई, भास आहे. मग डॉक्टरांना माझ्यासमोर सांगितलंस, हिला वास येतात. त्यांनी लिहून घेतलं. म्हटलं, आता आणखी एक वास सांगितला की हे लोक मला घरी ठेवायचे नाहीत. म्हणून नाकाला शाल लावून बसायची."

दादा, त्यानंतर पंधरा दिवसांनी सिलिंडरवाल्यानं आमच्या नळीचा वायसर बदलला होता. म्हणाला होता, गळतोय केव्हाचा. मी त्याला सही दिली आणि विसरून गेले. आजार आईला होता म्हणे.

मी तिला विचारलं, कुठे राहावंसं वाटतं. तीन वर्षांपूर्वी आपण दोघांपैकी कुणीच तिला हे विचारलं नव्हतं, तूही नाहीस. ती म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंत त्याच्याकडे जाते. समुद्र बघायचाय. मग परत येते. तुझे केस कोण बघणार?" म्हणजे तिचं ठरलेलंच होतं, आपणच वाट चुकलो होतो. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. पण मी हो म्हटलं.

तू तिला न्यायला येतोयस हे कळलं. मी स्टेशनवर गाडी घेऊन येईन. आई म्हणते ती पुढे बसणार आहे.

तिचं काही लिहून देते, कारण स्टेशनवर मला बोलता येईलच असं नाही. सकाळची गोळी चहानंतर, आधी नाही. चाव्या तिच्या हातात देऊ नकोस, पण लपवू पण नकोस, एका खिळ्यावर टांग, तिला दिसू दे. शब्द अडला तर लगेच पुरवू नकोस, थांब, बहुतेक वेळा येतो. वहिनींना म्हणावं तिला भाजी निवडायला द्या, रिकामी बसली की ती घाबरते. संध्याकाळी ती एकच गोष्ट दोनदा सांगेल, दोन्ही वेळा ऐक.

आणि ती म्हणाली की कसला तरी वास येतोय, तर तुला येत नसला तरी आधी उठून बघ.

— धाकटी